आडनाव जेव्हा शब्द होते

आडनाव ही वाडवडिलांकडून आलेली आणि पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावयाची ठेव आहे, असे आपण मानतो. आपल्या उत्तर कोकणातील ख्रिस्ती घराण्यांना ही ठेव बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर पोर्तुगीजांकडून मिळाली. पण साडेचारशे वर्षांच्या वापराने ती इतकी आपली झाली आहे की, लोपीस, परेरा किंवा डिमेलो म्हटले की वसईच्या माणसाला लिस्बन आठवत नाही, एखादी वाडी आठवते.

काही आडनावांच्या नशिबी मात्र वेगळाच प्रवास असतो. ती घराण्याच्या हातून निसटतात, गाव सोडतात, देश सोडतात आणि शेवटी सामान्य नाम होऊन परक्यांच्या तोंडी वावरू लागतात. सकाळी दारात येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर लुई पाश्चर यांचे आडनाव असते. विजेच्या मीटरवर व्होल्टा आणि अँपिअर हे दोन श्रद्धावंत कॅथलिक शास्त्रज्ञ शेजारी शेजारी नांदतात. आपल्या मच्छीमार बांधवांच्या बोटी रुडॉल्फ डिझेलच्या नावावर चालतात. हा डिझेल स्वतः १९१३ सालच्या सप्टेंबरात एका रात्री आगबोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे त्याचा देहच समुद्रात सापडला. चहाच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'कॅमेलिया सायनेन्सिस'. त्यातला 'कॅमेलिया' म्हणजे येशूसंघाचे ब्रदर जॉर्ज जोसेफ कामेल. जन्म ब्रनोचा, मृत्यू १७०६ साली मनिला येथे, आणि व्यवसाय औषधी वनस्पतींचा. त्यांच्या निधनानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने लिनियसने त्यांचे नाव एका फुलझाडाला दिले आणि चहा पुढे त्याच कुळात गणला गेला. उन्हाळ्यात आपण ज्याची वाट पाहतो तो हापूसही पोर्तुगीज 'अफोन्सो'च आहे. तो अफोन्सो म्हणजे गोवा जिंकणारा आल्बुकर्क की दुसराच कोणी, यावर आंबा खाताखाता वाद घालायला हरकत नाही.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत हा गौरव बहुधा विचारपूर्वक झालेला असतो. १८८१ साली पॅरिस येथे विद्युत्‌शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि व्होल्ट, अँपिअर, ओहम, कूलंब व फॅरड ही परिमाणे ठरावाने मान्य झाली. पाच आडनावे एकाच वेळी कोशात दाखल झाली. रोमन लिपीत लिहिताना या परिमाणांचे पहिले अक्षर लहान काढतात. माणूस गेला आणि माप उरले, याची ती खूण. आपल्या देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे माणूस आणि माप यांत भेद दिसत नाही, आणि मला ते अधिक बरे वाटते.

पण सगळी आडनावे परिषदांतून शब्दकोशात जात नाहीत. काही रस्त्यावरून जातात, आणि तेथे ठराव नसतो, दादही नसते. डॉ. जोझेफ-इन्यास गिय्योतँ यांचे असेच झाले. हा गृहस्थ तरुणपणी येशूसंघात होता आणि बोर्दो येथे अध्यापन करीत असे. पुढे संघ सोडून तो वैद्य झाला. फ्रान्समध्ये तेव्हा उमरावाचा शिरच्छेद तलवारीने होई, तर गरीब गुन्हेगाराला फासावर लटकवीत किंवा चाकावर बांधून त्याची हाडे मोडीत. देहदंडच नसावा, असे गिय्योतँचे मत होते. ते साधत नसेल तर निदान सर्वांना एकच शिक्षा व तीही यातनेविना असावी, असा प्रस्ताव त्याने १७८९ साली राष्ट्रसभेत मांडला. यंत्राची आखणी केली डॉ. आंत्वान लुई यांनी, ते बांधले टोबियास श्मिट नावाच्या एका जर्मन वाद्यकारागिराने. प्रारंभी लोक त्याला 'लुइझेत' म्हणतही होते. परंतु गिय्योतँच्या भाषणाची वृत्तपत्रांनी थट्टा उडवली होती, गाणी झाली होती, आणि शेवटी त्याचेच नाव चिकटले. तो स्वतः त्या पात्याखाली मेला ही दंतकथा आहे. १८१४ साली तो आपल्या अंथरुणावर वारला. कॉम्पियेन येथील कार्मेल मठाच्या सोळा भगिनी १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये एकामागून एक त्या यंत्रावर चढल्या. त्यांना पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये संतपद दिले. एका माजी व्रतस्थाच्या दयाबुद्धीतून निघालेला शब्द या भगिनींच्या चरित्रात कायमचा येऊन बसला आहे. आपल्या लोकसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी उरलेल्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, त्यालाही 'गिलोटिन' म्हणतात. तेवढेच काय ते हास्य या कथेत आहे.

गिलोटिन हा शब्द नेमका कोणी रुजविला हे एका माणसाकडे बोट दाखवून सांगता येणार नाही. 'बॉयकॉट'चे तसे नाही. त्या शब्दाचे जन्मस्थान ठाऊक आहे, वर्ष ठाऊक आहे, आणि त्याचा जन्मदाता एका धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू होता.

स्थळ आयर्लंडच्या पश्चिमेचा मेयो परगणा, लॉख मास्क नावाच्या सरोवराचा काठ. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडच्या नॉरफकमधील मनुष्य. थोडा काळ लष्करात होता. कॅप्टन ही उपाधी लोकांनीच त्याला बहाल केली होती. १८७३ साली तो लॉख मास्क येथे लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून आला. कुळांकडून खंड वसूल करणे हे त्याचे काम. फाटक उघडे राहिले, जनावर शेतात शिरले, की तो दंड बसवी. कायद्याने तो चुकत नव्हता. कायद्याने न चुकणारा माणूस शेजारी म्हणून किती जाचक होऊ शकतो, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

१८७९ साल आयर्लंडला वाईट गेले. पीक बुडाले आणि दुष्काळाची जुनी आठवण जागी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुळांचा 'लँड लीग' हा संघ स्थापन झाला व चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल त्याचे अध्यक्ष झाले. पुढल्या वर्षी लॉर्ड अर्नने खंडात शेकडा दहा सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस मागितली. नकार आला आणि बेदखलीच्या नोटिसा निघाल्या.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेल यांनी लोकांना विचारले की, बेदखल झालेल्या शेजाऱ्याची जमीन जो घेईल त्याचे काय करावे. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला, अधिक ख्रिस्ती आणि अधिक दयाळू मार्ग आहे. त्याने पाप्याला पश्चात्तापाची संधी मिळेल. रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनामंदिरातसुद्धा त्याच्याशी बोलू नका. प्राचीन काळी कुष्ठरोग्याला दूर ठेवीत तसे त्याला एकटे पाडा. ही उपमा वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे परत यावयाचे आहे.

तीनच दिवसांनी बॉयकॉटच्या कुळांवर नोटिसा बजावायला माणूस आला. तीन घरी नोटिसा लागल्या. चौथ्या घरी बायकांनी चिखल व शेण फेकून त्याला पिटाळले. मग जमाव बॉयकॉटच्या घराकडे वळला. नोकरांनी काम सोडले. लोहाराने घोड्याला नाल ठोकण्याचे नाकारले, धोबीण येईना, टपाल पोचविणाऱ्या पोराला दटावण्यात आले, बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. आपल्याकडच्या बारा बलुतेदारांनी एका घराकडे पाठ फिरवावी, तसे हे झाले. शेतात पीक उभे आणि कापणारा हात नाही. बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले. नोव्हेंबरात उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक त्याचे पीक काढायला आले, आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई व पोलीस. पाचशे पौंडांच्या आसपासचे बटाटे, सलगम आणि धान्य निघाले. खर्च दहा हजार पौंडांच्या वर गेला. एका सलगमामागे एक शिलिंग, असा हिशेब पार्नेल यांनी सांगितला. महिनाअखेर बॉयकॉट कुटुंबासह निघाला तेव्हा भाड्याने गाडी द्यायला कोणी तयार नव्हते. लष्कराच्या रुग्णवाहिकेतून तो गेला.

या घडामोडींच्या केंद्रस्थानी द नील या गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली होते. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ त्यांच्याकडे भोजनास बसला होता. त्याला आपल्या बातमीत या प्रकारासाठी शब्द हवा होता. इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' होता, पण तो ग्रीक मुळाचा, पुस्तकी. माझ्या शेतकऱ्यांना तो कळणार नाही, असे फादर म्हणाले. मग क्षणभर खाली पाहून, कपाळावर बोटे आपटून त्यांनी सुचविले, 'बॉयकॉट करणे' म्हटले तर? ही हकीकत रेडपाथने स्वतः लिहून ठेवली आहे. त्याने तो शब्द छापला आणि काही महिन्यांतच फ्रेंच, जर्मन, रशियन वगैरे भाषांनी तो उचलला. प्रवचनपीठावरून रोज साध्या माणसांशी बोलणाऱ्यालाच असा शब्द सुचावा, यात नवल नाही.

फादरांची बाजू समजून घ्यायला हवी. पार्नेल यांच्या भाषणानंतर आठवडाही उलटला नाही तोच, २५ सप्टेंबरला, जवळच्याच गॉलवे परगण्यात लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराला गोळ्या घालून मारण्यात आले. त्या दिवसांत कुळांसमोर दोन वाटा होत्या आणि त्यांतली एक बंदुकीची होती. दुसरी वाट ओमॅलींनी धरली. बॉयकॉटच्या अंगाला कोणी बोट लावले नाही.

तरीही दोन गोष्टी मनाला टोचतात. एक म्हणजे, खंड कमी करण्याचे नाकारले लॉर्ड अर्नने. तो मेयोत राहतही नव्हता. मालकाचे आडनाव जग विसरले आणि कारभाऱ्याचे शब्दकोशात गेले. वस्तुतः बॉयकॉटचे मूळ आडनावही 'बॉयकॅट' असे होते. तो लहान असताना घराण्याने त्यात बदल केला. पुढे तो काही वर्षे मेयोत परतला, १८८६ साली सफकमध्ये दुसऱ्या इस्टेटीचा कारभारी झाला आणि १८९७ साली वारला. आपल्या हयातीतच आपले नाव क्रियापद झालेले त्याने पाहिले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एनिसच्या भाषणातला गुन्हेगार जमीनदार नव्हता. शेजाऱ्याची सुटलेली जमीन घेणारा तोही एक कूळच होता, बहुधा तितकाच गरीब. हे शस्त्र पहिल्यापासून आपल्यातल्याच दुबळ्यावर रोखलेले होते. बॉयकॉटला निदान हजार शिपाई मिळाले. खेड्यातल्या एकाकी पाडलेल्या विधवेला कोण मिळणार? एप्रिल १८८८ मध्ये रोमच्या 'होली ऑफिस'ने फर्मान काढले आणि पोप तेराव्या लिओंच्या संमतीने बहिष्काराचा हा प्रकार न्याय व प्रेम यांच्या विरुद्ध ठरविला. एका धर्मगुरूच्या जेवणाच्या टेबलावर जन्मलेला शब्द आठ वर्षांत रोमने निषिद्ध केला! आयर्लंडचे कॅथलिक खासदार संतापले. धर्माच्या बाबतीत रोमची आज्ञा शिरोधार्य, राजकारणात नव्हे, असे त्यांनी बजावले. हेच पोप लिओ तीन वर्षांनी कामगारांच्या हक्कांविषयी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक लिहिणार होते. तेव्हा त्यांना गरिबांची कणव नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओमॅलींना बंदूक दिसत होती, रोमला जमाव दिसत होता. मला विचाराल तर त्या एका वर्षी, त्या एका खेड्यात ओमॅलींचे पारडे जड होते.

हा शब्द पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात पोहोचला. वंगभंगाविरुद्ध ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला, आणि लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार आला. बोलण्यात 'बॉयकॉट' रुळला तरी लिहिताना मराठीने आपलाच शब्द राखला, कारण आपल्याला ती कल्पना आयर्लंडकडून शिकायची नव्हती. वाळीत टाकणे, रोटी-बेटी व्यवहार तोडणे, पाणवठा बंद करणे, हे सगळे येथे फार जुने होते. विलायती कापडावर बहिष्कार घालणारा तोच समाज आपल्याच काही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत ठेवीत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. त्या शीर्षकात ओमॅलींच्या शब्दाची दुसरी बाजू उभी आहे. मेयोत दुबळ्यांनी बलवंताच्या माणसाला वाळीत टाकले होते. महाडनंतर खेडोपाडी पाण्याचा हक्क मागणाऱ्यांना बलवंतांनी वाळीत टाकले.

आणि येथे त्या आडनावाला एक अनपेक्षित वळण लागले. १९३० साली गोलमेज परिषदेसाठी आंबेडकरांनी दलितांच्या संरक्षणाची जी योजना सादर केली, तीत सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. बहिष्काराची व्याख्या त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ सालच्या बॉयकॉटविरोधी कायद्याच्या धर्तीवर केली होती. जमीन किंवा घर न देणे, कामावर न घेणे, व्यवहार न करणे, या क्रमाने ती वाचताना लॉख मास्कचा लोहार आणि धोबीण डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला तो २०१६ साली. तो अमलात आला २०१७ मध्ये. आंबेडकरांच्या मागणीनंतर शहाऐंशी वर्षांनी! त्या कायद्याच्या इंग्रजी नावात नॉरफकच्या त्या कारभाऱ्याचे आडनाव आहे.

आता पार्नेल यांच्या उपमेकडे. वाळीत टाकलेल्या माणसाला कुष्ठरोगी म्हणणे त्यांना सहज सुचले, कारण बायबल वाचणाऱ्या युरोपला याहून परिचित बहिष्कृत दुसरा नव्हता. लेवीय ग्रंथाने त्याला छावणीबाहेर ठेवले होते. योगायोग पाहा, बॉयकॉट ज्या वर्षी लॉख मास्कला आला त्याच १८७३ साली बेल्जियमचे फादर दामियन मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले, आणि त्याच वर्षी नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. गेरहार्ड आर्मौएर हान्सेन यांना या रोगाचे जंतू दिसले. रोग शाप नव्हे, पूर्वजांच्या पापाचे फळ नव्हे, जंतूंचा उपद्रव आहे, हे त्यावरून पुढे सिद्ध झाले.

याच हान्सेन यांच्या आडनावाला बॉयकॉटच्या नेमके उलट काम मिळाले. मात्र हान्सेन यांची कथाही निर्मळ नाही. रोग एका देहातून दुसऱ्यात जातो हे दाखविण्यासाठी त्यांनी १८७९ साली कारी नील्सडाटर या रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य टोचले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली, म्हणजे मेयोतले शेतकरी पेटले त्याच वर्षी, हान्सेन यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. देशाचे कुष्ठरोग अधिकारी मात्र ते राहिले. कारीचे नाव वैद्यकीय नीतीच्या पुस्तकांबाहेर कोणाला ठाऊक नाही.

रोगाला हान्सेन यांचे नाव मिळावे म्हणून झगडले ते रुग्णच. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे कुष्ठरोग्यांसाठी वसाहत होती. १८९६ पासून संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या संघाच्या भगिनी तेथे शुश्रूषा करीत. फाटकातून आत येणारा रुग्ण बहुधा आपले आडनाव बाहेर ठेवून येई, घरच्यांना कलंक नको म्हणून. १९३१ साली असाच एक तरुण औषधविक्रेता आत आला. सिडनी लेव्हिसन हे नाव सोडून तो स्टॅन्ली स्टाइन झाला. त्याने वसाहतीत 'द स्टार' नावाचे नियतकालिक चालविले, रोगाने दृष्टी गेल्यावरही चालविले, आणि त्यातून एकच धोशा लावला की आम्हांला 'लेपर' म्हणू नका, आमच्या आजाराला 'हान्सेनचा आजार' म्हणा. ज्याला स्वतःचे आडनाव वापरता येत नव्हते तो दुसऱ्याच्या आडनावासाठी आयुष्यभर लढला. १९४८ साली हवाना येथील आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने रुग्णाला 'लेपर' म्हणणे सोडावे अशी शिफारस केली. १९९५ साली ब्राझीलने कायदा करून सरकारी कागदपत्रांतून 'लेप्रा' हा शब्द काढला व त्याजागी हान्सेनवरून बनविलेला शब्द घातला.

आपल्याकडे 'महारोग' जाऊन 'कुष्ठरोग' आला. हान्सेन डॉक्टरांच्या पुस्तकांतच राहिले. १९८० च्या दशकापासून अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने हा आजार पूर्ण बरा होऊ लागला. असे असूनही ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्यात लिहिले गेले. बरा होणारा रोग असाध्य ठरवून पती किंवा पत्नीला घराबाहेर काढण्याची ती मुभा अठरा वर्षे कायम होती. २०१९ सालच्या वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियमाने ती ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम अशा सर्वांच्याच विवाहकायद्यांतून काढून टाकली.